चिंगी, कल्याणच्या पुढे

मराठीतल्या उपद्व्यापी मुलग्यांची नावं विचारली तर कुणालाही अडखळावं लागत नाही. गोट्या, फास्टर फेणे, बोक्या सातबंडे, चिंटू. यांतल्या तिघांवर अलीकडच्या काळात सिनेमेही निघाले. बोक्या २००९ साली पडद्यावर आला, चिंटू २०१२ साली आणि फास्टर फेणे २०१७ साली. आता मुलींची नावं सांगा म्हटलं की सभेत शांतता पसरते. मग एखाद्या आजी मागच्या रांगेतून म्हणतात, "अहो, ती चिंगी होती ना!"

होती. ना. धों. ताम्हनकरांनी (१८९३–१९६१) गोट्या लिहिला तशी चिंगीही लिहिली. गोट्या दूरदर्शनच्या मालिकेतून घराघरांत पोहोचला, चिंगीच्या वाट्याला तेवढी प्रसिद्धी आली नाही. खरी चुटपुट मात्र प्रसिद्धीची नाही. चिंगीच्या मागून तिच्या धाकट्या बहिणींची रांग लागायला हवी होती, ती लागली नाही. एका शाळकरी मुलीच्या फजित्या, तिचे हट्ट, तिचं अफाट तर्कशास्त्र आणि त्यावर मोठ्यांची उडणारी भंबेरी हा ऐवज घेऊन पुस्तकामागून पुस्तक यावं, मुलींनी पुढच्या भागाची वाट पाहावी, असं मराठीत फारसं घडलं नाही. का घडलं नाही, जिथे घडलं तिथे कसं घडलं आणि उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात ते का घडावं, हा या पुस्तकाचा विषय.

मराठी बालवाङ्‌मयाचा पाया शहाणपणावर घातला गेला. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचं 'बालमित्र' १८२८ सालचं. इसापच्या गोष्टीही त्यांनीच मराठीत आणल्या. विनायक कोंडदेव ओकांनी १८८१ साली 'बालबोध' मासिक काढलं आणि अखेरपर्यंत निष्ठेनं चालवलं. वा. गो. आपट्यांचा 'आनंद' १९०६ पासूनचा. या मंडळींचं ऋण मोठं आहे. मुलांसाठी वेगळी, सोपी मराठी त्यांनी घडवली. पण त्या काळच्या बहुतेक गोष्टींत मूल कशासाठी येतं? सुधारण्यासाठी. आधी ते खोटं बोलतं, मग त्याचं नुकसान होतं, मग ते शहाणं होतं. त्यातही मुलगी असली तर ती बहुधा आधीपासूनच शहाणी असते, कारण तिला बिघडायची सवडच दिलेली नसते.

प्रत्यक्षातल्या मुली तेवढ्या गप्प नव्हत्या. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. त्यांच्या शाळांत शिकणाऱ्या मुक्ता साळवेचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तो निबंध विनोदी मुळीच नाही. पण शाळकरी मुलगी थेट प्रश्न विचारते, मोठमोठ्यांना उत्तर द्यायला भाग पाडते, ही गोष्ट मराठी छापील अक्षरांत तिथे दिसते. चिंगीची एक पणजी तिथे उभी आहे असं म्हणायला हरकत नाही. दुसरी पणजी लक्ष्मीबाई टिळक. त्यांच्या 'स्मृतिचित्रे'तलं बालपण वाचावं. वडिलांचं सोवळ्याचं वेड आणि त्या वेडाच्या तडाख्यात सापडलेलं सगळं घर हे मूळचं दुःखाचंच प्रकरण. लक्ष्मीबाई ते असं सांगतात की वाचणारा हसून बेजार होतो. ते पुस्तक मुलांसाठी लिहिलेलं नाही. तरीही मराठीत मुलीच्या नजरेतून आलेल्या विनोदाचा एवढा अस्सल नमुना दुसरा सापडणं कठीण.

बालसाहित्यात हसू शिरलं ते घराच्या दारातून. चिं. वि. जोश्यांच्या चिमणरावांना मोरू होता तशी मैनाही होती. मध्यमवर्गीय बिऱ्हाड, पाहुणे, उसनवारी, बापाचा बावळटपणा आणि या सगळ्याकडे बघणारी पोरं. ताम्हनकरांचा लेखनकाळ याच्या आसपासचा. या विनोदाचं वैशिष्ट्य असं की त्यात मूल मूर्ख नसतं. ते मोठ्यांचे शब्द शब्दशः घेतं, मोठ्यांचे नियम प्रामाणिकपणे पाळू बघतं आणि त्यातूनच गोंधळ होतो. पुढे दूरदर्शनवर चिमणराव झालेल्या दिलीप प्रभावळकरांनीच बोक्या सातबंडे लिहिला, हा योगायोग म्हणून सोडून द्यावा असा नाही. घरगुती विनोदाचा वारसा तिथे हातातून हातात गेलेला दिसतो. फक्त तो मोरूकडून बोक्याकडे गेला. मैनाच्या हाती काही लागलं नाही.

स्वातंत्र्यानंतर हवा साहसाची होती. भा. रा. भागवतांनी १९५१ साली 'बालमित्र' मासिक सुरू केलं आणि त्यांच्याच लेखणीतून बनेश फेणे नावाचा किडकिडीत पोरगा सायकलवरून सुटला. भागवतांची एक किमया इथे मुद्दाम लक्षात घ्यायची. त्यांनी नायकाला फुरसुंगीचा केला. पुण्याबाहेरचं साधंसुधं गाव. त्याला फास्टर फेणेनं मराठी मुलांच्या नकाशावर कायमची जागा मिळवून दिली. माली ही मुलगी त्या कथांत आहे, चुणचुणीत आहे. पण पुस्तकावर नाव फेणेचं.

रंगभूमीवर चित्र थोडं वेगळं दिसतं. सुधा करमरकरांच्या लिटल थिएटरनं १९५९ साली 'मधुमंजिरी' आणलं आणि मुलांसाठीच्या नाटकाला प्रतिष्ठा मिळाली. पुढे सुलभा देशपांड्यांच्या 'चंद्रशाला'नं 'दुर्गा झाली गौरी' हे नृत्यनाट्य केलं. मुलांच्या कितीतरी पिढ्यांनी त्यात काम केलं, कितीतरी पिढ्यांनी ते पाहिलं. त्याची नायिका हट्टी, अभ्यासाचा कंटाळा असलेली दुर्गा. नाटक सुंदर, नाच सुंदर, पण शेवट नावातच सांगितलेला. दुर्गेची गौरी व्हायलाच हवी. फास्टर फेणेचा 'शांत फेणे' व्हावा अशी मागणी मात्र कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

अलीकडच्या लेखिकांनी मुलीला मोकळा श्वास दिला हे मान्य करायला हवं. माधुरी पुरंदऱ्यांच्या 'राधाचं घर'मधली राधा कुणाला काही शिकवत नाही आणि कुणाकडून उपदेशही घेत नाही. ती आपली आई, बाबा, आजी, आजोबा कसे आहेत ते सांगते. मुलाचं निरीक्षण हाच गोष्टीचा गाभा होऊ शकतो, हे पुरंदऱ्यांनी चित्रांतून आणि अगदी मोजक्या वाक्यांतून दाखवलं. कविता महाजनांच्या 'जोयानाचे रंग'मध्ये मुलगीच केंद्रस्थानी आली. 'बालभारती'चं 'किशोर' १९७१ पासून निघतं आहे, त्याचे जुने अंक आता संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. त्यांत चुणचुणीत मुली तुरळक नाहीत. तरीही राधा लहान आहे, शाळेत जाऊन धुमाकूळ घालायच्या वयाची नाही. आणि मासिकातली मुलगी पुढच्या महिन्यात भेटतेच असं नाही. दुसरी-तिसरी-चौथीतली, बाकावर स्वस्थ न बसणारी, पुस्तकामागून पुस्तकांत भेटत राहणारी मुलगी, ही जागा रिकामीच आहे. गंमत अशी की खुद्द मुलींनी लिहायला कधीच नकार दिलेला नव्हता. सई परांजप्यांचं 'मुलांचा मेवा' हे पुस्तक प्रसिद्ध झालं तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या.

जगात काय झालं ते पाहिलं की ही रिकामी जागा जास्त खुपते. तिकडेही सुरुवात सुधारणेनंच झाली. सूझन कूलिजच्या १८७२ सालच्या 'व्हॉट केटी डिड'मधली केटी अवखळ आहे. ती झोपाळ्यावरून पडते, अंथरुणाला खिळते आणि खिळल्या खिळल्या सद्‌गुणी होते. केटीची गौरी झाली म्हणा ना. एनिड ब्लायटननं १९४० साली शाळेतली सगळ्यात खट्याळ मुलगी आणली, पण तीही शेवटी वळणावर येते. वळण मोडलं स्वीडनमध्ये. ॲस्ट्रिड लिंडग्रेनची मुलगी आजारी पडली होती, तिनं एक चमत्कारिक नाव सुचवलं आणि आईनं त्या नावाची गोष्ट रचली. एका मोठ्या प्रकाशकानं हस्तलिखित परत पाठवलं. दुसऱ्यानं १९४५ साली छापलं आणि पिपी लाँगस्टॉकिंग जगभर गेली. पिपी शाळेत जाते ती एकाच कारणासाठी. बाकीच्या मुलांना नाताळची सुट्टी मिळते, तिला मिळत नाही, हा तिला अन्याय वाटतो. दुसऱ्याच वर्षी एका स्वीडिश प्राध्यापकानं वर्तमानपत्रात पिपीवर तोफ डागली. पिपीनं त्याकडे लक्ष दिलं नाही.

पिपी घोडा उचलते, एकटी राहते, तिच्याकडे सोन्याच्या नाण्यांनी भरलेली पेटी आहे. ती कुणाच्या शेजारी राहत असेल असं वाटत नाही. शेजारची मुलगी आणली बेव्हर्ली क्लिअरी या अमेरिकन लेखिकेनं. क्लिअरी आधी ग्रंथपाल होत्या. ग्रंथालयात येणारी मुलं त्यांच्याकडे आपल्यासारख्या मुलांच्या गोष्टी मागत आणि कपाटात तशा गोष्टी नसत. मग त्यांनी स्वतःच लिहायला घेतलं, आणि तेही पोर्टलंड शहरातल्या क्लिकिटॅट स्ट्रीट या खऱ्याखुऱ्या रस्त्यावरच्या मुलांबद्दल. १९६८ सालच्या 'रमोना द पेस्ट'मध्ये रमोना शिशुवर्गात जाते. वर्गातल्या एका मुलीच्या कुरळ्या बटा ओढून सोडल्या की स्प्रिंगसारख्या उडतात, हे तिच्या ध्यानात येतं. एवढंच. दुष्टावा नाही, सूड नाही, फक्त अनावर कुतूहल. बाई विचारतात, हे थांबवशील का? रमोना विचार करते आणि खरं ते सांगून टाकते : नाही जमणार. तिला घरी पाठवलं जातं. आपल्या लाडक्या बाईंना आपण आवडत नाही, या समजुतीनं ती कोलमडते. हसता हसता वाचणाऱ्याच्या पोटात कालवतं. या जातीच्या विनोदाची सगळी कारागिरी या एका प्रसंगात आहे. मुलीचं वागणं तिच्या बाजूनं शंभर टक्के बरोबर असतं, मोठ्यांच्या बाजूनंही तेवढंच बरोबर असतं आणि लेखिका कुणालाही खोटं पाडत नाही. पोर्टलंडच्या एका बागेत आज रमोनाचा पुतळा आहे.

पुढे १९९२ पासून बार्बरा पार्कची ज्युनी बी. जोन्स आली. ती बालवाडीतल्या मुलीच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत स्वतःची हकीकत सांगते. व्याकरण बिघडेल म्हणून पालकांनी तक्रारी केल्या, काही ग्रंथालयांत पुस्तकांवर आक्षेप घेतले गेले. मुलं वाचतच राहिली.

मराठी घरांत यांच्याहून जास्त पोहोचली ती जपानी तोत्तोचान. तेत्सुको कुरोयानागींच्या १९८१ सालच्या त्या आठवणींचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टनं काढला आणि शिक्षकांच्या कितीतरी शिबिरांत तो वाचला गेला. डेस्कचं झाकण सारखं उघडझाप करणारी, वर्गाच्या खिडकीतून रस्त्यावरच्या वादकांना हाका मारणारी ही मुलगी पहिलीतच शाळेतून काढली जाते. मग तिला रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरणारी तोमोए शाळा मिळते आणि तिचं बोलणं चार तास ऐकून घेणारे मुख्याध्यापक कोबायाशी भेटतात. आपल्याकडे या पुस्तकाचा उपयोग बहुधा शिक्षणशास्त्राचं पुस्तक म्हणून झाला. तोत्तोचान विनोदी आहे, हे सांगायचं राहूनच गेलं.

आणि रेल्वेचे डबे म्हटल्यावर मराठी वाचकाचं लक्ष कल्याणच्या पुढे जाणारच. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची वस्ती पाच लाखांवर होती, अंबरनाथची अडीच लाखांवर, कुळगाव-बदलापूरची पावणेदोन लाखांच्या घरात. तिन्ही मिळून नऊ लाखांहून जास्त माणसं, आणि त्यानंतर उभ्या राहिलेल्या इमारती स्टेशनातून उतरताक्षणीच दिसतात. एवढ्या मोठ्या वस्तीतल्या शाळकरी मुलीला मराठी गोष्टीत आपला पत्ता क्वचितच सापडतो. गोष्टीतली मुलं पेठेत राहतात, गिरगावात, दादरला, नाहीतर थेट आजोळच्या कोकणात.

वास्तविक विनोदी मालिकेला लागणारा कच्चा माल या तीन गावांइतका कुठे असेल! उल्हासनगर ही महायुद्धातली लष्करी छावणी, फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत झाली आणि १९४९ साली तिला आजचं नाव मिळालं. अजूनही तिथे पत्ता कॅम्प एक ते कॅम्प पाच असाच सांगतात. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद या पट्ट्यात जुना झाला तरी मरत नाही. इथली मुलगी घरी मराठी बोलते, शेजारच्या आँटीकडे दाल-पकवान खाते, जीन्सच्या दुकानातली हिंदी बोलते आणि शाळेत इंग्रजीत प्रार्थना म्हणते. भाषांच्या या कुस्तीत जेवढे घोटाळे होतात तेवढे ज्युनी बी.लाही झाले नसतील. अंबरनाथला १०६० सालचं शिलाहारांचं शिवमंदिर आहे. त्याच्या दगडी भिंतींवरची शिल्पं बघायला शाळेची सहल येते. शेजारून वालधुनी वाहते आणि कारखान्यांच्या कृपेनं तिचं पाणी रंग बदलतं. आज नदी कुठल्या रंगाची, असा प्रश्न एखादी तिसरीतली मुलगी परिसर अभ्यासाच्या तासाला विचारील आणि बाईंना उत्तर सुचणार नाही. बदलापूरच्या जांभळांना भौगोलिक मानांकन मिळालं आहे. गणवेशावर पडलेल्या जांभळाच्या डागाला अजून मिळायचं आहे. सकाळी बसायला जागा मिळावी म्हणून अंबरनाथकर आधी उलट बदलापूरला जातात आणि त्याच गाडीनं परत येऊन मुंबईला निघतात. मुलांच्या दृष्टीनं यापेक्षा वेडगळ आणि यापेक्षा तर्कशुद्ध मोठ्यांचं वागणं दुसरं नसेल. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजारभर प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. भागवतांच्या हाती हा प्रसंग लागता तर?

अर्थात या पट्ट्यातल्या शाळकरी मुलींबद्दल लिहिताना ऑगस्ट २०२४ ओलांडून पुढे जाता येत नाही. बदलापूरच्या एका शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं, २० तारखेला बदलापूरकर रुळांवर उतरले आणि गाड्या तासन्‌तास बंद राहिल्या. तो संताप रास्त होता. शाळांमधल्या सुरक्षेचे प्रश्न पुस्तकांनी सुटत नाहीत, ते व्यवस्थेनंच सोडवायचे. पण त्यानंतर मुलींशी बोलण्याची मोठ्यांची भाषा आणखीच सूचनांची झाली : इथे जाऊ नको, तिथे थांबू नको, कुणाशी बोलू नको. मुलगी म्हणजे जपायची वस्तू, एवढंच तिच्या कानावर पडत राहिलं. खोडकर मुलीच्या गोष्टींत नेमकं उलटं घडतं. तिथली मुलगी न आवडलेल्या गोष्टीला नाही म्हणते, मनातलं बोलून टाकते, बाईंना उलट प्रश्न विचारते, आणि गोष्टीतले निदान एक-दोन मोठे तरी तिचं म्हणणं खरं मानतात. असं वाचत वाढलेल्या मुलीला बोलण्याची सवय राहते. विनोदी पुस्तकांना गंभीर विषयांपुढे दुय्यम ठरवणाऱ्या निवड समित्यांनी याचा विचार करावा.

हे पुस्तक शिक्षक, ग्रंथपाल आणि पालक यांच्यासाठी आहे, आणि जमलं तर एखाद्या होऊ घातलेल्या लेखिकेसाठी. चिंगीपासून राधेपर्यंत आणि पिपीपासून तोत्तोचानपर्यंतच्या मुलींना ते एका वर्गात आणून बसवतं. त्यात समीक्षा आहे, पण परीक्षेला बसल्यासारखी नाही. एखादी मालिका कशी उभी राहते, याकडे त्याचा जास्त ओढा आहे. नायिका कुठल्या इयत्तेत असावी, तिनं दर पुस्तकात मोठं व्हावं की तिसरीतच राहावं, तिच्या घरात किती माणसं असावीत, तिच्या तोंडची मराठी किती शुद्ध ठेवायची, चित्रकाराला किती मोकळीक द्यायची, हे प्रश्न इथे कामाचे म्हणून विचारले आहेत. काही मतं वादग्रस्त वाटतील. उदाहरणार्थ, शेवटी तात्पर्य सांगणारी विनोदी गोष्ट ही फसलेली विनोदी गोष्ट, ही इथली भूमिका अनेक अनुभवी शिक्षकांना पटणार नाही. वाद व्हावा. जुन्या मराठी पुस्तकांचा आणि नियतकालिकांचा मोठा साठा बदलापूरच्या 'ग्रंथसखा' वाचनालयात जपलेला आहे, तेव्हा पुरावे शोधायला फार दूर जायचीही गरज नाही.

एक उणीव आधीच सांगितलेली बरी. सिंधीत लिहिलेल्या बालसाहित्याचा धांडोळा इथे घेतलेला नाही. उल्हासनगरबद्दल बोलताना तो घ्यायला हवा, आणि ते काम सिंधी जाणणाऱ्या कुणीतरी हाती घ्यावं.

राहिली विनंती. या तिन्ही गावांतल्या शिक्षकांनी आठवड्यातला एक तास या गोष्टी मोठ्यानं वाचण्यासाठी ठेवावा, आणि वाचून झाल्यावर 'यातून काय शिकलात' हा प्रश्न विचारू नये. वर्षातून एकदा मुलींना आपल्या गल्लीतली, शाळेतली, लोकलमधली फजिती लिहायला सांगावी आणि ती वही तपासताना लाल पेन बाजूला ठेवावं. हसवणारं जे सापडेल ते मासिकांकडे आणि प्रकाशकांकडे मुलीच्या नावानिशी पाठवावं. खाली शाळेच्या नावाबरोबर गावाचं नावही लिहावं.